छावणीबाहेर कोण आहे?

अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात एक आज्ञा आहे. उपदेशासाठी ती सहसा कोणी निवडत नाही, आणि शब्बाथशाळेत मुलांकडून ती पाठही करून घेतली जात नाही. इस्राएल लोकांनी छावणीबाहेर जावे, खणण्याचे साधन बरोबर न्यावे आणि आपला मळ मातीने झाकावा, अशी ती आज्ञा. कारणही तेथेच सांगितले आहे. देव छावणीतून फिरतो, म्हणून छावणी पवित्र असावी. ज्या गोष्टीचे नाव काढायला आपण लाजतो, तिच्याविषयी देव बोलतो. तेव्हा या अंकात आम्ही भुयारी गटारांविषयी लिहीत आहोत, याचे वाचकांना नवल वाटू नये.

बेळगाव असो, इंदूर असो वा बडोदे, आपल्यापैकी पुष्कळांचे कोणी ना कोणी मुंबईत आहे. मुंबई हे मुळात सात बेटांचे गाव. भराव घालून ती बेटे जोडली गेली. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या शहरातील भुयारी गटारांची मूळ रचना इंग्रजी अमदानीतली, आणि त्यांतील कित्येक वाहिन्या शंभर वर्षांहून जुन्या आहेत. मैल्यातून निघणाऱ्या वायूचे वाहिनीच्या ओल्या छतावर जंतूंमुळे आम्ल बनते व ते सिमेंट खात जाते. पुढे भेगा पडतात. त्या भेगांतून मैलापाणी जमिनीत झिरपते, आणि समुद्राला भरती आली की खारे पाणी उलट आत शिरते. त्यामुळे पंपांवरचा भार वाढतो व शुद्धीकरणाचे कामही बिघडते. २०२३ च्या जानेवारीत मुंबईत सात शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली. सर्व मिळून त्यांची क्षमता रोज सुमारे २४६ कोटी लिटर ठरली आहे. पण केंद्र कितीही मोठे बांधले, तरी मैलापाणी तेथवर नीट पोहोचले पाहिजे. म्हणजे जुन्या वाहिन्या बदलणे किंवा आतून अस्तर लावून दुरुस्त करणे भागच आहे.

असे काम हाती घेण्यापूर्वी त्याचे पर्यावरणावर काय परिणाम होतील, हे तपासण्याची रीत आता जगभर आहे. आपल्या देशात १९९४ च्या अधिसूचनेने ठरावीक प्रकल्पांना ती सक्तीची केली, व २००६ मध्ये तिच्या जागी नवी अधिसूचना आली. गटाराच्या प्रत्येक कामाला कायदा लागू होतोच असे नाही, परंतु प्रश्न मात्र लागू होतो. खोदलेली दूषित माती कोठे टाकणार? झाडांची मुळे तुटतील काय? जुन्या इमारतींचा पाया खचेल काय? आणि काम चालू असताना मैलापाणी वळवणार कोठे? बेटावर ‘गावाबाहेर’ अशी मोकळी जागा नसते. बाहेर म्हणजे समुद्र, आणि तेथे कोळ्यांची जाळी लावलेली असतात.

सद्हेतू आहे तेवढ्याने भागत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा दोष गटारांच्या दुर्गंधीला दिला गेला. समुद्राचे पाणी व कार्बोलिक सोडून गटारे धुऊन काढण्यात आली. प्लेग पसरतो उंदरांवरील पिसवांमुळे, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवले. श्रम प्रामाणिक होते, पण रोगाची वाट दुसरीच होती. ज्याचे भले करायचे त्याची नीट चौकशी करणे, हाही प्रीतीचाच भाग आहे.

कोणी म्हणेल, “एवढा उपद्व्याप कशाला? रस्ते खोदले की धूळ, गोंगाट आणि दुकानदाराचे नुकसान. चालले आहे ते चालू द्या.” दुकानदाराची तक्रार खोटी नाही. तिची नोंद झाली पाहिजे, आणि शक्य असेल तेथे भरपाईही. पण चांगल्या मूल्यमापनात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: हे काम केलेच नाही तर काय होईल? खोदलेला रस्ता आपल्याला दिसतो, जमिनीत झिरपणारा मैला दिसत नाही. म्हणून आपण अशी तुलना करतो, की एका बाजूला त्रास आणि दुसऱ्या बाजूला शांतता. ती शांतता खरी नसते. यरीहोच्या वाटेवर याजक व लेवी यांनी जखमी माणसाला मारले नाही, लुटले नाही. ते फक्त बाजूने निघून गेले. प्रभूने सांगितलेल्या त्या दाखल्यात काहीच न करणे हेही एक कृत्य ठरते. चांगले करणे कळत असून जो करीत नाही त्याला ते पाप आहे, असे याकोबही शिकवतो.

मात्र काम करायचे ठरले, एवढ्याने आपण शोमरोनी होत नाही. त्या कामाचा भार कोणावर पडतो, हे पाहावे लागते. मॅनहोलमध्ये विषारी वायूने माणसे मरतात. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास मनाई केली. तरीही मृत्यू थांबले नाहीत, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई किमान ३० लाख रुपये ठरवली. माती, पाणी व हवा यांच्या तक्त्यात या माणसाचा रकाना नसेल, तर ते मूल्यमापन अपुरे आहे. शरीराचे जे अवयव कमी मानाचे वाटतात त्यांनाच अधिक मान द्यावा, असे पौल करिंथकरांना सांगतो. शहराच्या शरीरात असा अवयव कोणता, हे आता वेगळे सांगायला नको.

आपल्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. गावाने नको ते ‘बाहेर’ टाकायचे, आणि तेथे त्यांची घरे असायची. हे आपण विसरलो, तर आपणही मजल्यावरून साखळी ओढून निश्चिंत होणारे लोक होऊ. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे, की येशूने वेशीबाहेर दुःख सोसले. म्हणजे ज्या ‘बाहेर’ आपण घाण लोटतो, तेथे आपला प्रभू आधीच उभा आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती. येत्या रविवारी मुलांना घेऊन मंदिराच्या आवारात फिरा आणि विचारा, “येथले सांडपाणी कोठे जाते? तेथे कोण राहते? ते कोण उपसते?” उत्तर ठाऊक नसेल, तर पंच कमिटीला विचारा. शेजारी कोण, हा प्रश्न शास्त्र्याने येशूला विचारला होता. आपण तो आपल्या मोरीपासून विचारायला सुरुवात करू.