शिधा पोचला, घास कोण भरवणार?

कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेळघाट उभा राहतो, नाहीतर मोखाडा. त्याला कारणही आहे. १९९२मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं एकामागून एक दगावली, राज्य हादरलं आणि पुढच्या योजनांचा रोख डोंगराकडे वळला. तो वळायलाच हवा होता. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांमध्ये २०१६पासून मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी द्यायचं ठरलं, हे चांगलंच झालं. पण डोंगरातली, दुष्काळी पट्ट्यातली माणसं पोटामागे शहराच्या कडेला येतात, तेव्हा ती योजना त्यांच्याबरोबर येत नाही.

नवी मुंबईला लागून असलेलं तळोजा ही अशीच एक कड आहे. इकडे एमआयडीसी, तिकडे सिडकोच्या आणि खासगी बिल्डरांच्या उंच इमारती, आणि २०२३पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो. या इमारती बांधणारी माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहतात आणि स्लॅब संपले की दुसऱ्या साइटवर जातात. कुणी मराठवाड्यातलं, कुणी बिहार-झारखंडचं. पनवेल तालुक्यातल्या वाड्यांवरचे कातकरीही बिगारीला, वीटभट्टीला लागतात. याच एमआयडीसीत मासळीवर प्रक्रिया करून ती परदेशी पाठवणारे कारखाने आहेत. म्हणजे सकस अन्नाचा इथे दुष्काळ नाही. ते मुलांच्या ताटात पडत नाही, एवढंच.

राज्याचं चित्रही याहून वेगळं नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. २०१९-२१मध्ये ती ३५.२ टक्के झाली. उंचीच्या मानाने अतिशय रोडावलेली, म्हणजे ज्यांच्या जिवाला धोका आहे अशी मुलं ९.४वरून १०.९ टक्क्यांवर गेली. देशातल्या श्रीमंत राज्यांत गणना होणाऱ्या महाराष्ट्रात मुलांच्या अंगी काही लागलं नाही.

कायदा मात्र मुलांच्या बाजूने आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत पूरक आहाराचा हक्क दिला: दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. त्यासाठी सरकारने एका मुलामागे रोजचे किती रुपये धरले? २०१७मध्ये आठ. दर वाढवण्याची घोषणा झाली ती थेट २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात. मधल्या सात वर्षांत डाळ, तेल, गॅस कुठल्या कुठे गेलं, ते घर चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आज तळोज्यात वाण्याकडून एक अंडं घ्यायचं तरी यातले बहुतेक रुपये संपतात. केंद्राची ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’साठीची तरतूद २०२१-२२मध्ये २०,१०५ कोटी होती, २०२५-२६मध्ये २१,९६० कोटी. महागाई वजा केली तर ही वाढ नव्हे, घटच आहे. शाळेतल्या पोषण आहाराचा दर मजुरांच्या महागाई निर्देशांकाशी जोडून अधूनमधून वाढवला जातो. अंगणवाडीतल्या मुलाला तेवढंही नशिबी नव्हतं. हा दर दरवर्षी आपोआप वाढावा, त्यासाठी कुणाच्या घोषणेची वाट पाहावी लागू नये, ही पहिली मागणी आहे.

पण दर वाढवून भागणार नाही, आणि माझा मुख्य मुद्दा हाच आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो. तीन वर्षांखालच्यांना मिळतो टीएचआर, म्हणजे घरी न्यायचं पाकीट. त्या पाकिटाचं पुढे काय होतं ते साइटवरच्या खोल्यांत जाऊन बघावं. एका अंगणवाडी सेविकेबरोबर अशा वस्तीत गेलो होतो. दीड वर्षाच्या मुलाच्या दंडाभोवती तिने पट्टी गुंडाळली. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर पट्टीवर लाल रंग येतो, तो तीव्र कुपोषणाचा. ती पिवळ्यात थांबली, तांबड्याला जेमतेम चुकवून. खिचडीचं पाकीट कोपऱ्यात होतं, अर्धं फोडलेलं. आई जेवणाच्या सुट्टीत आली होती, हातांवर सिमेंट वाळलेलं. सेविकेने विचारलं, “ताई, पाकीट तर नेलंत, पण याला भरवतं कोण?” तिने बोटाने दाखवलं. “मोठी पोरगी भरवते की.” मोठी पोरगी सहा-सात वर्षांची. लहान भावाला कडेवर घेऊन उभी, शाळा चुकवून.

वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचं पोट चिमूटभर असतं. त्याला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी खाऊ लागतो. मऊ शिजवून, स्वच्छ हाताने, घोळवून भरवावं लागतं. आठ-दहा तास बाहेर राबणारी आई ते करू शकत नाही आणि सात वर्षांच्या पोरीने ते करू नये. अशा घरात पाकीट देऊन सरकारने आपलं काम झालं असं मानणं म्हणजे शिधा देऊन जेवण दिल्याचा हिशोब लिहिणं आहे.

याच वयाचा हट्ट का, तेही सांगायला हवं. ग्वाटेमालातल्या चार गावांत १९६९ ते १९७७ या काळात मुलांना पूरक आहार देऊन एक मोठा प्रयोग झाला. काही गावांत प्रथिनयुक्त पेज, काही गावांत नुसतं गोड पेय. पुढे ही मुलं मोठी होऊन कमावू लागली तेव्हा त्यांचा माग काढला गेला. पहिल्या दोन वर्षांत ती पेज मिळालेल्या पुरुषांचं ताशी वेतन ४६ टक्क्यांनी जास्त निघालं. तीन वर्षांनंतर ज्यांना मिळाली त्यांच्यात असा फरक दिसला नाही. ज्या वयात अन्न सर्वांत जास्त अंगी लागतं, नेमक्या त्याच वयाला आपण पाकिटावर सोडलं आहे.

काही जण म्हणतील, आयांच्या खात्यात पैसे द्या, त्या बघून घेतील. पैसे जरूर द्यावेत. पण पैसा मुलाला मांडीवर घेत नाही. शिवाय गावाकडे कागदपत्रं असलेल्या, दुसऱ्या राज्यातून आलेल्या बाईपर्यंत इथला पैसा पोचतही नाही. आहारातल्या गैरव्यवहाराचा आक्षेप मात्र खरा आहे. अंगणवाडीच्या पुरवठ्यात ठेकेदार नकोत असं सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्येच सांगितलं होतं. तरीही महाराष्ट्रातली घरपोच आहाराची हजारो कोटींची निविदा त्याच न्यायालयाला २०१९मध्ये रद्द करावी लागली. म्हणून तर हे काम मोठ्या पुरवठादाराकडून काढून वस्तीतल्या बायांच्या हाती द्यायचं.

वस्तीतच पाळणाघर काढून मुलांना भरवता येतं, हे करून दाखवलेलं आहे. मीरा महादेवन यांनी १९६९मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागीच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केलं. ‘मोबाइल क्रेशेस’चं ते काम १९७२मध्ये मुंबईतही आलं. छत्तीसगडमध्ये सरगुजा जिल्ह्याने २०१२पासून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘फुलवारी’ उभ्या केल्या. तिथे गावातल्या आयाच पाळीपाळीने मुलं सांभाळायच्या, त्यांना शिजवून भरवायच्या, आणि पैसा सरकारचा असायचा. महाराष्ट्र मात्र उलट्या दिशेने चालला. शाळकरी मुलांना आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं २०२३मध्ये ठरलं, आणि जानेवारी २०२५मध्ये त्याचा निधी थांबवून शाळांना लोकवर्गणी काढायला सांगण्यात आलं. खर्च होता वर्षाला सुमारे ५० कोटी. हा निर्णय मागे घ्यायलाच हवा.

तळोज्यापुरतं बोलायचं तर पैसा इथेच गोळा होतो आहे. कायद्याने प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या खर्चातून एक टक्का उपकर बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी कापला जातो. १९९६च्या कायद्यात पन्नासहून अधिक बाया कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं होतं. पण एका साइटवरच्या टोळ्या वेगवेगळ्या मुकादमांकडे वाटलेल्या असतात, आणि मग कुणाच्याच नावावर पन्नास बाया भरत नसत. मोजणी ठेकेदारानुसार नको, साइटनुसार हवी. बायांपेक्षाही मुलांची हवी. चाळीस मुलं असलेल्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६च्या आदेशात म्हटलं आहे. पण दर वर्षी साइट बदलणाऱ्या माणसांनी मागणीचा अर्ज कुठे आणि कुणाकडे करायचा? तो भार त्यांच्यावर टाकूच नये.

पाळणाघराला लागते एक हवेशीर खोली, पाणी, गॅस आणि मुलं सांभाळणाऱ्या, शिजवणाऱ्या दोन-तीन बाया. खोली बिल्डरने द्यावी, बायांचा पगार उपकरातून व्हावा, धान्य आणि अंडी अंगणवाडीच्या वाट्यातून यावीत आणि मुलांचं वजन जवळच्या सेविकेने करावं. इमारतींना परवानगी देणाऱ्या सिडकोने आणि पनवेल महानगरपालिकेने बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रातच ही अट घालावी. आणि पाळणाघर सुरू झाल्याची पाहणी केल्याशिवाय पहिल्या स्लॅबच्या वरचं काम करू देऊ नये.