दगडाची जागा

अमेरिकेच्या नैऋत्य भागातील वाळवंटात थंडी सुरू झाली, की उत्तरेकडील हिमप्रदेशांतून वृद्ध जोडप्यांची मोटारघरे दक्षिणेकडे सरकू लागतात. स्वयंपाकाचा ओटा, बिछाना, न्हाणीघर आणि पाण्याची टाकी एवढा सगळा संसार एका वाहनात मांडून ही माणसे महिनोन् महिने फिरत असतात. ॲरिझोना राज्यातील क्वार्ट्झसाइट हे लहानसे गाव उन्हाळ्यात जवळजवळ ओस असते. हिवाळ्यात मात्र त्याच्या भोवतीच्या माळावर अशा मोटारघरांची मोठी वस्ती उभी राहते. त्यांत अशीही काही जोडपी असतात, की ज्यांनी नोकरी संपताच राहते घर विकून टाकलेले असते. ‘तुमचे गाव कोणते?’ या साध्या प्रश्नाला त्यांच्यापाशी सरळ उत्तर उरलेले नसते.

भारतीय वाचकाला येथे वानप्रस्थाची आठवण होणे स्वाभाविक आहे. केस पिकले, नातवंडाचे मुख पाहिले, की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी. पत्नीला पुत्रांच्या हाती सोपवावे किंवा तिच्यासह जावे, असे मनुस्मृती सांगते. परंतु हे साम्य फार ताणता येत नाही. वानप्रस्थी घर मागे टाकून जात असे. हे जोडपे घराला चाके लावून ते बरोबर नेते. वानप्रस्थात भोगाचा संकोच अभिप्रेत होता. येथे आयुष्यभराच्या कष्टानंतर जग पाहण्याची राहून गेलेली हौस आहे. या हौसेत निंद्य असे काहीच नाही. तिच्यातून एक नैतिक प्रश्न मात्र उभा राहतो. ज्या भूमीशी आपले जन्माचे, श्रमाचे वा मरणाचे नाते नाही, तिच्यातून केवळ पाहण्यासाठी जाणारा माणूस त्या भूमीचे काय देणे लागतो?

या प्रश्नाचे एक उत्तर तेथील कायद्याने दिले आहे. संघराज्य सरकारच्या ताब्यातील बहुतेक मोकळ्या जमिनीवर एका ठिकाणी सामान्यतः १४ दिवसांहून अधिक मुक्काम करता येत नाही. पुढे सरकावेच लागते. क्वार्ट्झसाइटजवळच्या काही माळांवर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत परवाना घेऊन राहता येते, तो अपवाद. आपल्याकडे संन्याशाच्या आचारातही असाच दंडक आहे: गावात एक रात्र, नगरात पाच रात्री. दोन्ही नियमांचे रूप सारखे, पण रोख वेगळा. संन्याशाला जागेची आसक्ती जडू नये म्हणून तो दंडक होता. तेथील नियम माणसाच्या सहवासापासून जागेला वाचवण्यासाठी आहे. एक माणसाला जपतो, दुसरा मातीला. कोठेही फार काळ टेकणारा माणूस त्या जागेला आपली समजू लागतो, ही जाणीव मात्र दोहोंच्या मुळाशी आहे.

पण मुक्काम आवरता घेतला, कशालाही हात लावला नाही, म्हणजे देणे फिटले असे म्हणता येईल काय? युटा राज्यातील आर्चेस आणि कॅनियनलँड्स या राष्ट्रीय उद्यानांत वाळूवर काळपट, खडबडीत असा एक पापुद्रा दिसतो. तो निर्जीव नाही. अतिसूक्ष्म जीव, दगडफुले आणि शेवाळे यांनी वाळूचे कण एकमेकांत गुंतवून ते कवच विणलेले असते; वाऱ्यापावसापासून माती धरून ठेवण्याचे काम ते करते. त्याच्यावर पडलेले एक पाऊल भरून यायला कित्येक वर्षे, कधी अनेक दशके लागतात. आखलेल्या पायवाटेवरूनच चाला, असे तेथे पुनःपुन्हा बजावलेले असते, ते त्यामुळेच. केवळ पाहणे म्हणून ज्याला निरुपद्रवी मानले जाते, त्यालाही पाय असतात.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण ॲरिझोनातील अश्मीभूत अरण्यात आढळते. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी कोसळलेले महावृक्ष तेथे नदीच्या गाळात आणि ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. पाण्यात विरघळलेल्या सिलिकेने लाकडाची जागा कणाकणाने घेतली आणि ओंडक्यांचे रंगीत दगड झाले. १९०६ मध्ये या प्रदेशाला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि १९६२ मध्ये तो राष्ट्रीय उद्यान झाला. तेथून तुकडा उचलणे हा गुन्हा आहे. तरीही माणसे तो उचलतात. विशेष असे, की त्यांतील काही जण तो पुढे टपालाने परत पाठवतात. सोबत पत्र असते. कोणी क्षमा मागतो. कोणी लिहितो, की दगड घरात आल्यापासून आजारपण, अपघात, संसाराची मोडतोड यांनी पाठ सोडलेली नाही.

अशा पत्रांना अंधश्रद्धा म्हणून हसणे सोपे आहे. दगडाला शाप नसतो, हे खरेच. परंतु संकटे प्रत्येकाच्या वाट्याला येतात आणि संकटात माणूस आपल्या हिशेबाची वही उघडतो. त्या वेळी हा एवढासा दगड त्याला आठवावा, यात मनाचे काही सत्य आहे. त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. परत आलेला दगड उद्यानाचे अधिकारी पुन्हा अरण्यात ठेवत नाहीत. तो नेमका कोठला, कोणत्या थरातला, हे आता सांगता येत नाही. अंदाजाने कोठेही ठेवला, तर भूमीचा लेखच खोटा ठरेल. म्हणून असे दगड एका बाजूच्या रस्त्यालगत ढिगात टाकले जातात. दगड परत येतो, त्याची जागा परत येत नाही. पश्चात्ताप खरा असूनही भरपाई अपुरी राहते. कारण नेताना वस्तूबरोबर तिचे नातेही तोडले गेले, आणि नाते टपालाने पाठवता येत नाही.

मग परतफेड कधीच शक्य नाही काय? ग्रँड कॅनियनच्या दरीचा इतिहास याचे वेगळे उत्तर देतो. त्या दरीच्या तळाशी सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा जो खडक आहे, त्याला ‘विष्णू’ हे नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भूशास्त्रज्ञ क्लॅरन्स डटन याने तेथील शिखरांना विष्णू आणि शिव यांची मंदिरे म्हटले. त्यातूनच ते नाव खडकाकडे आले. ज्या देवांचा उपासक त्या दरीत कधी नव्हता, त्यांची नावे नकाशावर चढली. ज्यांची ती भूमी होती, ते हवासुपाई लोक मात्र १८८२ मध्ये अवघ्या ५१८ एकरांत कोंडले गेले. उन्हाळ्यात दरीत शेती आणि हिवाळ्यात पठारावर शिकार, असे ऋतूंबरोबर फिरणारे त्यांचे जीवन होते. त्यांनी आपली पठारे विसरायचे नाकारले, पिढ्यान् पिढ्या मागणी चालू ठेवली, आणि १९७५ मध्ये सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन कायद्याने त्यांना परत मिळाली. ही भूमी परत जाऊ शकली, कारण ती कोणाची आणि कोठली हे लक्षात ठेवणारे कोणी तरी होते. ढिगातल्या दगडासाठी तसे कोणी नाही.

फिरणे आणि जागा नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे हवासुपाईंच्या उदाहरणावरून दिसते. तेही फिरत होते. पण कोणत्या ऋतूत कोठे परतायचे, हे त्यांना ठाऊक होते. मोटारघरातल्या जोडप्याला असे परतणे उरलेले नसेल, तर त्याची जागा आता एकाच ठिकाणी आहे: सोबतच्या माणसाच्या आठवणीत. कोणत्या घरात मूल जन्मले, कोणत्या अंगणातले झाड कोणी लावले, हे त्या दोघांपैकी एकालाच सांगता येते, आणि ऐकणाराही दुसरा एकच. त्यांतला एक कधी तरी आधी जाणार, हे दोघांनाही कळते. त्या दिवशी उरलेल्याचा कोणता थर होता, हे सांगणारा कोणी राहणार नाही. ज्याला हे भय ठाऊक आहे, त्याला दगडाच्या जागेचे मोल परक्या माणसाने शिकवावे लागू नये.

म्हणून वाटसरूचे देणे कशालाही हात न लावण्यापुरते नाही. प्रत्येक वस्तू कोठली आहे, याची जाण ठेवणे हे ते देणे आहे. मोह तर होणारच; म्हाताऱ्या हातालाही रंगीत दगड उचलावासा वाटतो. पण उचलल्यावर वाळूत त्याची खळगी काही वेळ तशीच दिसत असते. ती वाऱ्याने बुजण्याआधी दगड पुन्हा तेथेच ठेवता येतो. त्या थोड्या वेळापुरती तरी परतफेड पूर्ण असते, आणि तिला पत्राची गरज पडत नाही.