आधी वैरण, मग जनावर

बस खाली. मोबाइल बाजूला ठेव आणि माझं बोलून होईपर्यंत मध्ये तोंड घालू नकोस.

गेल्या गुरुवारी तुझ्या घरी आले तेव्हा आईसमोर मी काही बोलले नाही. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी, घरात पाहुणे, आणि त्या माउलीने "बाई, याची टाकी बघा" म्हणत मला हाताला धरून नेलं. टाकी मी बघितली. डाव्या कोपऱ्यात दगडाच्या सावलीत तो मँडरीन मासा बसला होता. अंगावर निळ्या-केशरी नागमोडी रेघा, हिरवट चेहरा, पंख्यासारखे पर. तुझे पाहुणे त्या रंगांचे फोटो काढत होते. मी त्याच्या डोक्यामागे बघत होते. तिथे मांस उरलं नव्हतं. पाठ सुरीच्या पात्यासारखी झाली होती, पोट खपाटीला गेलं होतं. तो दगडाला टोच मारायचा, दोन बोटं पुढे सरकायचा, पुन्हा टोच मारायचा. दगड कोरा होता. दहा मिनिटं मी उभी होते, तेवढ्यात एकदाही त्याच्या तोंडात काही गेल्याचं मला दिसलं नाही.

रविवारी तुझा फोन आला. "बाई, मेला तो. पीस कमजोर होता. आता जोडी सांगितली आहे, ॲडव्हान्स दिला." पीस! अरे, तो जीव तुझ्या घरात साडेतीन आठवडे उपाशी होता. कमजोर तो नव्हता. तू त्याला उपाशी मारलंस, आणि हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते आहे.

तुझ्या आजोबांना मी ओळखत होते. चाकणच्या बाजारात बैल घ्यायचा तर ते दात मोजायचे, खांदा बघायचे, पाठीवरून हात फिरवायचे, चार पावलं चालवून बघायचे. आणि या सगळ्याच्या आधी घरी कडब्याची गंजी लागलेली असायची. गव्हाण रिकामी असताना तुमच्या कुरुळी गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याने दावणीला जनावर बांधलं नसतं. तू त्याच घरातला. आता जमिनीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तुम्ही पाचव्या मजल्यावर राहायला गेलात, म्हणून ही अक्कल खाली ठेवून गेलास का?

मँडरीन हे चरणारं जनावर आहे, एवढं एक वाक्य पाठ कर. तो ड्रॅगनेटच्या कुळातला. क्लाउनफिशसारखा वर येऊन दाणे झेलणारा हा मासा नव्हे. पश्चिम प्रशांत महासागरात, जपानच्या रियुक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, उथळ पाण्यातल्या प्रवाळाच्या तुकड्यांमध्ये तो दिवसभर हिंडतो आणि टिपत राहतो. काय टिपतो? कोपेपॉड, ॲम्फिपॉड, बारीक कृमी, इवल्या गोगलगायी, माशांची अंडी. तू सकाळी शिफ्टला जाताना चिमूटभर दाणे टाकलेस आणि संध्याकाळी परत चिमूटभर, त्याचं याला काय? त्यातले निम्मे क्लाउन खायचे आणि उरलेले तळाशी कुजायचे.

कोपेपॉड म्हणजे काय हे तुला माहीत नाही असं म्हणूच नकोस. अकरावीच्या प्रात्यक्षिकाला विहिरीच्या पाण्यातला सायक्लॉप्स तुला मीच दाखवला होता. नासपतीसारखं अंग, कपाळावर एकच डोळा, मागे दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या. आकृती तू चांगली काढली होतीस, नावं द्यायला मात्र विसरला होतास. नारू कसा व्हायचा ते शिकवताना हाच सायक्लॉप्स आला होता. विहिरी-बारवांच्या पाण्यातून तो पोटात जायचा आणि नारूची अळी सोबत घेऊन जायचा. गावोगाव लोकांनी पाणी गाळून प्यायला सुरुवात केली, सरकारने पाठपुरावा केला, तेव्हा कुठे 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या त्या किड्याची ताकद मी तुम्हाला तासभर सांगितली होती. त्याचेच समुद्रातले भाऊबंद या माशाचं अन्न आहेत. दगडाला, शेवाळाला धरून राहतात, तिथेच वाढतात. ते तुझ्या टाकीत नव्हते, कारण टाकीच मुरलेली नव्हती.

दिवाळीच्या बोनसमधून टाकी घेतलीस, संक्रांतीच्या आत मँडरीन आणलास. लोणचंसुद्धा मुरायला वेळ घेतं रे! अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडात बसायलाच काही आठवडे जातात. ते झालं की टाकी "सायकल झाली" म्हणून तुम्ही नाचता. पण पाणी विषारी नसणं वेगळं आणि दगडावर चरण्याजोगं रान उभं राहणं वेगळं. शेवाळ, त्यावर पॉड, पॉडांच्या पिढ्यांवर पिढ्या, याला सहा महिने ते वर्ष लागतं. जाणते लोक दोनशे लिटरच्या खालच्या टाकीत मँडरीन ठेवू नका म्हणतात तेही याच कारणाने. माशाला पोहायला जागा किती लागते हा प्रश्नच नाही, तो बोटाएवढा आहे. चराईला रान किती लागतं हा प्रश्न आहे. तुझी टाकी दीडशे लिटरची, दगड मोजून चार, आणि त्यात तू सिक्सलाइन रास हा मासा सोडलेला, जो दिवसभर तेच पॉड वेचून खातो. एका कोरड्या माळावर दोन जनावरं सोडलीस, आणि त्यातलं एक दुसऱ्याच्या दुप्पट चपळ.

दुकानदाराने तुला "टणक मासा आहे" म्हणून सांगितलं. त्याचं अर्धं खरं आहे. याला खवले नसतात, अंगावर जाड, कडू, उग्र वासाचा बुळबुळीत थर असतो. त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग इतर माशांइतका सहज धरत नाही. पण भुकेवर त्या थराचा काय उपयोग? हा मासा बहुतेक घरांत रोगाने जात नाही, उपासाने जातो. आणि रंग तुला फसवतो. मोराच्या पिसातला निळा हा उजेडाचा खेळ असतो, त्यात निळं रंगद्रव्य नसतं. मँडरीनच्या कातडीत खरंखुरं निळं रंगद्रव्य असलेल्या पेशी आहेत. जपानी संशोधकांनी 1995 साली ते दाखवून दिलं आणि प्राणिशास्त्रात ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. तुझा मासा मरायला टेकला तरी निळा झगझगत होता. म्हणून तू पोट बघितलंच नाहीस.

आता तो आला कुठून ते ऐक. फिलिपिन्समध्ये काम करणाऱ्या आल्बर्ट हेरे यांनी 1927 साली या माशाला शास्त्रीय नाव दिलं, आणि आजही बाजारातले कितीतरी मासे त्याच भागातल्या समुद्रातून येतात. तिथले मच्छीमार सुईसारख्या टोकाच्या बारीक भाल्यांनी याला टोचून काढतात. लांब तुऱ्याच्या मोठ्या नराला भाव जास्त, म्हणून मोठे नर आधी उचलले जातात. संध्याकाळी दिवस कलला की मादी जोडीला मोठाच नर निवडते. तोच नसेल तर मागे काय उरतं, याचा विचार पैसे मोजताना तुझ्या मनात आला होता का?

जोडी सांगितलीस म्हणे. नर-मादी ओळखता येते तुला? पाठीवरच्या पहिल्या पराचा काटा नरात लांब, झेंड्यासारखा उभा राहतो. मादीत तो आखूड असतो. दोन नर एका टाकीत गेले तर एक दुसऱ्याला जगू देत नाही. आणि "मँडरीन जमत नसेल तर स्कूटर ब्लेनी न्या" असं दुकानदार म्हणाला ना? ती ब्लेनी नव्हेच. तोही ड्रॅगनेटच, भूक तीच, रंग तेवढा मातकट.

कधी काळी घेशीलच तर आजोबांसारखा घे. दुकानात अर्धा तास उभा राहा. डोक्यामागची पाठ भरलेली हवी, पोट गोल हवं. तुझ्यासमोर खायला घालायला सांग आणि खातो का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. टाकीत पैदास केलेला मासा मिळत असेल तर त्यासाठी थांब. फ्लोरिडातल्या एका पैदास केंद्राने 2010 साली असे मँडरीन बाजारात आणले. लहानपणापासून टाकीत वाढलेले मासे गोठवलेलं खाद्य आणि बारीक दाणे खायला शिकलेले असतात. महाग पडतो, मिळायला वेळ लागतो. लागू दे.

आणखी एक. मालवणहून कुणाकडून तरी प्रवाळाचे दगड मागवतो म्हणालास. खबरदार! तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जिथे वाघ आहे, त्याच यादीत. असला दगड घरात सापडला तर हौस म्हणून कुणी सोडणार नाही, आणि सोडू नयेच. कोरडे दगड आण, त्यांना मुरायला जास्त महिने लागतील, पण कुणाचं घर फोडून आणलेले नसतील.

त्या गुरुवारी मी तुझ्याकडे असताना साडेअकराला लाइट गेली. गुरुवारी देखभालीसाठी ती जाते हे या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इन्व्हर्टरवर तुझा टीव्ही चालू होता आणि टाकीचा पंप बंद. पाऊण तास पाणी स्थिर होतं, कुणी उठलं नाही. बॅटरीवरचा हवेचा पंप काही शेकड्यांत येतो. पाणीही तू स्वयंपाकघरातल्या आरओचं घालतोस. टीडीएस मीटर लावून बघ, शून्य येत नाही ते. बोअरचे उरलेले क्षार रोज थोडे थोडे साचवतो आहेस, मग दगडावर लाल चिकट थर आला की तक्रार करतोस.

वही काढ. लिही. आजपासून सहा महिने टाकीत नवा मासा नाही. रास परत दे. टाकीखाली रेफ्यूजियम, म्हणजे पॉडांसाठी वेगळी टाकी, कर, त्यात केटोमॉर्फाचं शेवाळ लाव, पॉड सोड, त्यांना फायटोप्लँक्टन घाल. रात्री दिवे मालवल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन काचेजवळ बस. काचेवर पांढरे ठिपके झटके देत सरकताना दिसले पाहिजेत. भिंग मी देते, शाळेतलं जुनं माझ्याकडे आहे. तळहाताएवढ्या काचेवर किती दिसले ते दर गुरुवारी तारीख घालून लिहायचं. एकही नसेल तर शून्य लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही.

आणि आता मोबाइल उचल. त्या दुकानदाराला माझ्यासमोर फोन लाव आणि जोडी नको म्हणून सांग. ॲडव्हान्स गेला तर जाऊ दे.