मातेऱ्यातला वाटा

कोंबड्यांना सेंद्रिय खाद्य जवळपास कुठं मिळंल, असं अलीकडं बरेच जण विचारतात. गावाबाहेर गुंठा-दोन गुंठ्यांत घर बांधलेलं असतं, आठ-दहा गावरान कोंबड्या घेतलेल्या असतात, आणि त्यांना दुकानाचं नाव पाहिजे असतं. नाव सांगून मोकळं होता येईल. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, तो मला सुटत नाही. कोंबडीनं काय खावं हे पुष्कळ जण सांगतात. तिनं कुणाच्या वाट्याचं खावं, हे कोण सांगणार?

आमचा सोलापूरकडचा भाग शाळूचा. पूर्वी खळं व्हायचं. जमीन चोपून, शेणानं सारवून, मधी तिवडा रोवून बैलांची पात फिरवायची. मळणी झाली की वाऱ्यावर उफणायचं. रास लागली की आधी देवाचं, मग बलुत्याचं, मग घरचं. सगळं उचलून झाल्यावर तळाला मातीत-खड्यात मिसळलेले दाणे राहायचे, त्याला मातेरं म्हणायचं. तेबी वाया जायचं नाही. बाया ते सुपानं पाखडून, चाळून त्यातलं खाण्याजोगं काढायच्या. त्यातूनही जे राहील ते कोंबड्यांचं. आपण एखाद्याच्या संसाराचं मातेरं झालं म्हणतो तेव्हा सगळं वाटोळं झालं असा अर्थ असतो. कोंबडीला विचारलं तर ती वेगळं सांगंल.

बाकीचं तिचं ती बघायची. उकिरडा उकरून किडे, शेणातल्या आळ्या, पावसाळ्यात गवतातले नाकतोडे, तांदुळजाचं बी, घोळीची पानं. कुणी वारूळ फोडून वाळवीचं ढेकूळ आणून टाकलं तर त्या दिवशी सणच. याला कुणी सेंद्रिय म्हणत नव्हतं. तसा शब्दच लागत नव्हता.

1972 च्या दुष्काळात मी शाळेत होतो. रेशनवर लाल मिलो यायची, दुष्काळी कामावर सुकडी मिळायची. ती मिलो निवडताना सुपाबाहेर पडलेला दाणा आई वेचून परत सुपात टाकायची. कोंबडी शेजारी मान वाकडी करून बघत उभी असायची. आईला कोंबडीची माया नव्हती असं नाही. पण घरात सहा तोंडं होती. त्या वर्षी गल्लीतल्या कोंबड्या कमी कमी होत गेल्या. माणसाचा हात थांबतो तिथून पाखराचा वाटा सुरू होतो, हे मला कुणी शिकवलं नाही. ते डोळ्यांनी दिसलं.

आता खळं राहिलं नाही. मळणीयंत्रातून दाणा सरळ पोत्यात जातो. बियाणं लाल-गुलाबी औषध लावून येतं, पेरताना उघडं राहिलेलं कोंबडीनं टिपलं तर ती संध्याकाळपर्यंत टिकत नाही. कोठीत किडीच्या गोळ्या असतात. म्हणजे मातेरंही कमी झालं आणि जे आहे त्याचा भरवसाही गेला. म्हणून खाद्य शोधायची वेळ आली.

शोधलं तर मिळतं. घरच्या शाळूचा एक तुकडा बिनफवारणीचा ठेवावा, त्याची किडकी, बारीक ज्वारी वेगळी काढावी. गिरणीत सांडलेलं पीठ आणि कण्या मिळतात. लाकडी घाण्यावर शेंगदाण्याची, करडईची पेंड मिळते. मात्र ती ताजी घ्यावी, बुरशी आलेली पेंड आणि मका कोंबडीच्या काळजावर जाते. सोयाबीन कच्चं घालू नये, चांगलं भाजून भरडावं. हिरव्यासाठी शेवग्याचा पाला, लसूणघास, जागा असेल तर हौदात अझोला. टरफलासाठी शिंपल्यांचा चुरा, नाहीतर घरचीच अंड्याची टरफलं भाजून कुटून. आठवडी बाजार उठल्यावर भाजीचा पाला ढिगानं पडलेला असतो, तो फुकट मिळतो. पण फ्लॉवरच्या पाल्यावर आणि वांग्यावर काय काय मारलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. फुकटाला भुलू नये.

एवढं सगळं केलं तरी कोंबडी बांध ओळखत नाही. शेजाऱ्याच्या तुरीवर अळी पडली की तो फवारणार. त्याला कर्ज आहे, पोरीचं लग्न आहे, एकच पीक आहे. माझ्या बारा कोंबड्यांसाठी तू अळी खाऊ दे, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? मी त्याला एवढंच म्हणतो, “आण्णा, फवारायच्या आदल्या दिशी आवाज दे.” तो देतो. ते दोन-तीन दिवस कोंबड्या खुराड्यात. माझ्या अंड्याची शुद्धता म्हणाल तर ती बरीचशी आण्णाच्या त्या हाकेवर उभी आहे. सरकारची पीजीएस नावाची प्रमाणपत्राची पद्धत आहे, तीत गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. मला त्यातली तीच गोष्ट पटते. एकट्याचं शेत शुद्ध असतं हा भ्रम आहे.

आता खरा पेच. थोरला मुलगा म्हणतो, “तात्या, गिऱ्हाईक दारात येऊन मागतंय आन् आपण बारा कोंबड्या धरून बसलोय. दोनशे करू.” त्याचं चूक नाही. घरखर्च त्याला दिसतो. मी त्याच्यापुढं हिशेब मांडला. कोंबडी बांधून घातली तर दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास दाणा खाते. दोनशे कोंबड्यांना रोज वीस किलो, महिन्याला सहा क्विंटल, वर्षाला त्र्याहत्तर क्विंटल. कोरडवाहू शाळू एकरी पाच क्विंटल उतरला तर आपण बरं साल म्हणतो. म्हणजे पंधरा एकराचं धान्य नुसतं कोंबड्यांना. आपल्याकडं आहे चार एकर.

“मग विकत आणू,” तो म्हणाला.

“आणू. पण मग ते कुणी पिकवलं, त्यावर काय मारलं, हे आपल्याला कळणार नाही. गिऱ्हाइकाला काय सांगायचं?”

“सगळे सांगत्यात तेच.”

इथं माझी गाडी अडते. पोतं विकत आणून दोनशे कोंबड्या पाळणं यात काही पाप नाही. पोल्ट्रीवाले पाळतात, स्वस्त अंडं गरिबाच्या ताटात जातं, ते चांगलंच आहे. पाप आहे ते पोत्यातलं चारून उकिरड्याचा भाव घेण्यात. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पोल्ट्रीतली तीनशेच्या घरात. आपल्या अंड्याला जास्त पैसा मिळतो तो या कमीपणाचा आणि त्यामागच्या विश्वासाचा. विश्वास विकत घेणारा माणूस खुराड्यात वाकून बघत नाही, म्हणून तर त्याला फसवणं इतकं सोपं आहे. आणि सोपं आहे म्हणूनच करू नये.

माझ्यापुरता मी एक नेम ठरवला आहे. बाजारात मागणी किती, यावर कोंबड्या ठरवायच्या नाहीत. आपल्या घराचं, शेताचं, गिरणीचं मातेरं किती, यावर ठरवायच्या. खाद्य संपलं तर पोतं शोधायच्या आधी कोंबड्या जास्त झाल्या का हे बघायचं. शहरातली ताई विचारते, “काका, ऑरगॅनिक आहे ना?” मी सांगतो, “शिक्का नाही. काय खाल्लं ते सांगतो.” ज्वारी घरची, पेंड घाण्यावरची, परवा पाऊस लागला म्हणून दोन किलो मका दुकानचा घातला. काहीजणी घेतात, काहीजणी पुढं जातात.

मुलाला हे सगळं पटलं असं नाही. बारावर घर चालत नाही हे त्याचं म्हणणं मलाही खोडता येत नाही. तूर्त त्यानं पंधरा पिल्लं आणली आहेत आणि बांधाकडेला शेवगा लावला आहे. तेवढ्यांना पुरेल का, ते शाळू निघाल्यावर कळेल.