नकाराचं कारण विचारताना

‘स्वतःवर विश्वास ठेव’ हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो. प्रवेशाच्या यादीत नाव न आलेल्या मुलीला, मुलाखतीत दोन प्रश्न विचारून उठवलेल्या उमेदवाराला, वर्षानुवर्षं एकाच टेबलाशी बसवून ठेवलेल्या कर्मचाऱ्याला. देणाऱ्याचं त्यात काही जात नाही. ऐकणारा मात्र घरी येऊन विचार करत बसतो, की विश्वास ठेवायचा म्हणजे उद्या सकाळी उठून नेमकं करायचं काय? मनातल्या मनात स्वतःला चांगलं म्हणत राहायचं? त्याने कुणाचं दार उघडल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. या प्रश्नाचं मला सापडलेलं सर्वांत चोख उत्तर १९३३ सालचं आहे, आणि ते एका मराठी मुलीने बंगळूरला जाऊन दिलेलं आहे.

कमला भागवत त्या वर्षी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्या. पुढे लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. दुर्गा भागवत ही त्यांची थोरली बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेच्या अगदी पहिल्या काळातले विद्यार्थी. तेव्हा कमलाबाईंनी संशोधनासाठी त्याच संस्थेकडे अर्ज करावा, हे ओघानेच आलं. पात्रता होती, गुण होते, घरात परंपरा होती. अर्ज नामंजूर झाला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. तीनच वर्षांपूर्वी त्यांना नोबेल मिळालेलं, साऱ्या देशाला त्यांचा अभिमान. मुलींना संस्थेत घ्यायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. वडिलांनी आणि काकांनी रदबदली करून पाहिली. रामन बधले नाहीत.

या ठिकाणी बहुतेक गोष्टी संपतात. आणि त्या संपतात त्यात मुलींचा दोष नसतो, हे आधी स्पष्ट म्हटलं पाहिजे. एवढ्या मोठ्या माणसाने ‘नाही’ म्हटलं, की त्या नकाराला त्याच्या विद्वत्तेचं वजन येतं. ज्याला प्रकाशाचं विकिरण कळतं त्याला माणसंही कळत असतील, असं आपण गृहीत धरतो. एका विषयातला अधिकार माणूस दुसऱ्या विषयात सहज नेतो, आणि समोरचा तो मुकाट्याने मानतो. कमलाबाईंनी तो मानला नाही. त्या स्वतः रामन यांच्यासमोर गेल्या आणि नकाराचं कारण विचारलं. नियमात तसं कुठे लिहिलं आहे का, माझ्या गुणांत काही कमी आहे का, असा त्यांच्या विचारण्याचा रोख होता. समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. त्या काळी हे हत्यार मुंबईच्या मुलींना अनोळखी नव्हतं. १९३० च्या चळवळीत परदेशी कापडाच्या आणि दारूच्या दुकानांसमोर मुंबईतल्या बायकांनी निरोधन केलेलं होतं. एका विद्यार्थिनीने ते एका प्रयोगशाळेच्या दाराशी आणलं, ही मात्र नवी गोष्ट होती.

शेवटी रामन यांनी होकार दिला, पण अटींवर. वर्षभर कमलाबाईंची नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नव्हती. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागणार होतं. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, ही तिसरी अट.

तिसरी अट पुन्हा वाचावी. बाजूच्या टेबलावरच्या तरुणाचं लक्ष विचलित झालं तर त्याची जबाबदारी या मुलीची. अशी अट अपमानास्पद होती, हे कमलाबाईंना तेव्हाही कळत होतं आणि तो डंख त्या विसरल्या नाहीत. म्हातारपणी जाहीरपणे बोलताना त्यांनी रामन यांचं थोर शास्त्रज्ञपण मान्य केलं आणि त्यांच्या मनाच्या कोतेपणाबद्दलही स्पष्ट सांगितलं. तरीही १९३३ मध्ये त्यांनी अटी मान्य केल्या. याबद्दल आज कुणी त्यांना दोष देऊ शकेल. अन्याय्य अट स्वीकारणं म्हणजे अन्यायाला मान्यता देणं, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. पण त्या वेळी त्यांच्यासमोर दोनच वाटा होत्या. बाहेर राहून त्या बरोबर ठरल्या असत्या. आत जाऊन त्यांना काम करता येणार होतं. त्यांना काम करायचं होतं. माझ्या मते त्यांनी योग्य केलं, कारण आत गेल्याशिवाय त्यांची पारख होणारच नव्हती.

आणि माझ्या म्हणण्याचा गाभा इथेच आहे. डावललं जाणं आणि नापास होणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नापास होणाऱ्याला निदान पेपर मिळालेला असतो. ज्याला डावललं जातं त्याच्यासमोर पेपर येतच नाही, आणि तरी निकाल लागलेला असतो. अशा माणसाने स्वतःच्या क्षमतेवर विश्वास ठेवणं याचा अर्थ ‘मी उत्तम आहे’ असं घोकणं असा होऊच शकत नाही. ते त्यालाही माहीत नसतं, कारण करून पाहायला कुणी दिलेलंच नसतं. त्याच्या विश्वासाचा अर्थ इतकाच, की माझी परीक्षा घ्या आणि मग काय ते ठरवा. कमलाबाईंनी नेमकं हे मागितलं. त्यांच्या मागणीत स्वतः खोटं ठरण्याची शक्यता उघडी होती. वर्षाअखेरीस त्यांचं काम सुमार निघालं असतं, तर रामन यांचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि पुढच्या किती मुलींना त्याची किंमत मोजावी लागली असती कोण जाणे. हा धोका पत्करून त्या आत गेल्या. आपल्याकडे आत्मविश्वास म्हणून जे शिकवलं जातं त्यात हा धोका नसतो, म्हणूनच ते पोकळ वाटतं.

श्रीनिवासय्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दुधातल्या, कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. गरीब भारतीयाच्या ताटातली प्रथिनं मुख्यतः डाळींतून येतात, तेव्हा हा विषय पुस्तकी नव्हता. वर्षभरात रामन यांची खात्री पटली, कमलाबाईंची नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद झाली आणि संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. १९३६ मध्ये कमलाबाई विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या. तिथून केंब्रिज. न्यूनहॅम कॉलेज, आणि नोबेलविजेत्या फ्रेडरिक हॉपकिन्स यांची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर काम करताना बटाट्यावरच्या प्रयोगांतून त्यांच्या लक्षात आलं, की पेशींच्या श्वसनात ज्याचा वाटा असतो ते ‘सायटोक्रोम सी’ वनस्पतींच्या पेशींतही असतं. बटाटा जमिनीखाली निपचित पडलेला दिसतो. त्याच्या पेशीतही श्वसन चालतं, आणि त्यात प्राण्यांच्या पेशींतलंच एक द्रव्य काम करतं. या कामावरचा त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. १९३९ मध्ये केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

ही कथा इथे थांबवली की ती प्रेरणादायी भाषणात चपखल बसते. मला ती इथे थांबवायची नाही, कारण तसं करणं खोटेपणाचं होईल.

पहिली गोष्ट, कमलाबाईंचा विश्वास आभाळातून पडला नव्हता. घरात दोन रसायनशास्त्रज्ञ होते. प्रयोगशाळा म्हणजे काय, संस्थेचा कारभार कसा चालतो, मोठ्या नावाचा माणूस जवळून कसा असतो, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. वडील मुलीच्या बाजूने बोलायला उभे राहिले होते. ज्या मुलीच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, तिला नकाराचं कारण विचारता येतं हेच माहीत नसतं. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजांत अशा मुली आजही आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटी काढून परत आला, की त्या तो पिशवीत घालून गप्प घरी जातात. खिडकीपलीकडच्या माणसाला ‘कुठली त्रुटी?’ एवढं विचारायलाही आवाज फुटत नाही. त्यांना आत्मविश्वासावरचं व्याख्यान देऊन काही होणार नाही. त्यांच्याबरोबर त्या खिडकीपर्यंत जाणारं कुणीतरी हवं. आपली कुवत आपल्याआधी दुसऱ्या कुणाला तरी दिसावी लागते, निदान एका माणसाला. पुढचं माणूस स्वतः करतो.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण मला या संदर्भात फार बोलकं वाटतं. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० मध्ये जन्म, अक्षरओळख नाही, तिशीत वैधव्य, सारा जन्म शेतात आणि जात्यावर. त्यांच्या कवितेला नकार देणारंही कुणी नव्हतं, कारण ती कविता आहे हेच बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. त्या रचत राहिल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, म्हणून त्याला आईच्या तोंडी काय आहे ते कळलं. त्याने आणि पितांबर चौधरींनी ते लिहून ठेवलं. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने संग्रह १९५२ मध्ये निघाला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. हे सगळं आनंदाचंच, पण माझं मन दुसरीकडे जातं. ज्या घरात सोपानदेव नव्हता, अशा खानदेशातल्या, वऱ्हाडातल्या, कोकणातल्या किती जात्यांवरचं दळणाबरोबर विरून गेलं? त्या बायकांचा स्वतःवर विश्वास कमी होता, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही.

दुसरी गोष्ट, एकदा सिद्ध केलं की पुन्हा सिद्ध करावं लागत नाही, हाही भ्रम आहे. कमलाबाई केंब्रिजची पदवी घेऊन परतल्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केलं, १९४७ नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. नीरेवरचं त्यांचं काम याच काळातलं. ताडामाडाच्या या रसात लोह आणि जीवनसत्त्वं आहेत आणि कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना तो दिल्यास प्रकृती सुधारते, हे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवलं. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. एवढं असूनही संस्थेचं संचालकपद त्यांच्यापर्यंत काही वर्षं उशिरा पोहोचलं. अंतर्गत राजकारण हे त्याचं कारण सांगितलं जातं. म्हणजे बावीस-तेवीसाव्या वर्षी जो प्रश्न विचारावा लागला होता, तो पन्नाशीतही संपलेला नव्हता.

त्या थांबल्या नाहीत. ग्राहकांची फसवणूक आणि अन्नभेसळ यांविरुद्ध काम करणाऱ्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या कामाला त्यांनी वाहून घेतलं, तिच्या नियतकालिकात सर्वसामान्य गृहिणीला कळेल असं लिहिलं. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत त्यांचं निधन झालं. तेव्हा त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली होती. देशाने दखल घ्यायला इतका वेळ लावला, आणि आजही अनेक विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना त्यांचं नाव सांगावं लागतं.

म्हणून ज्यांना डावललं गेलं आहे त्यांना मी ‘विश्वास ठेवा’ असं नुसतं सांगणार नाही. नकार आला तर कारण विचारा, जमल्यास लेखी मागा. त्या कारणात तुमच्या कामाबद्दल काही असेल तर ते नीट वाचा, त्यातून शिका. त्यात कामाबद्दल काहीच नसेल, तर तुमची परीक्षा अजून झालेलीच नाही एवढं समजा आणि ती मागत राहा. एकटीने जाता येत नसेल तर कुणाला तरी बरोबर घ्या.

आणि जे निवड समित्यांवर बसतात, प्रवेश देतात, शोधनिबंध तपासतात, संपादकाच्या खुर्चीत आहेत, त्यांना अधिक आग्रहाने सांगायचं आहे. रामन यांच्याजवळ प्रचंड बुद्धी होती, आणि समोर आलेला अर्ज गुणांवर तपासायला ती त्यांनी वापरली नाही. आपल्यापैकी कुणाजवळ त्यांच्याइतकी बुद्धी नाही. पुढच्या वेळी यादी कराल तेव्हा बाजूला ठेवलेले अर्ज पुन्हा एकदा हातात घ्या, आणि ज्याला न भेटताच वगळलं आहे अशा निदान एकाला बोलावून त्याचं काम पाहा.