ऐपत आणि कुत्रं

"ऐपत नसंल तर जनावर पाळू नये." हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. दवाखान्यातला डॉक्टर म्हणतो, बंगल्यातल्या बाई म्हणतात, आपल्यातलेच नोकरीला लागून फ्लॅटमध्ये गेलेले भाऊही म्हणतात. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. ज्याला पोसता येत नाही त्यानं पाळू नये, यात चूक काय? पण मित्रहो, मला या वाक्याचा वास ओळखीचा येतो. म्हणून लिहितोय.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढा. श्लोक एकावन्न. चांडाळानं गावाबाहेर राहावं, आणि त्याचं धन काय, तर कुत्री आणि गाढवं. पुढच्याच श्लोकात मेलेल्या माणसाचे कपडे, फुटक्या भांड्यातलं जेवण, लोखंडाचे दागिने. म्हणजे सोनं आमच्या अंगावर नको, कुत्रं मात्र चालेल. कारण कुत्रं हे धन नव्हतंच, ती शिवी होती. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात हे पुस्तक जाळलं, बरं झालं. पण आता गंमत बघा. जे कुत्रं आम्हाला शिवी म्हणून दिलं होतं ते आता चैनीत मोजलं जातं, आणि मोजलं गेल्याबरोबर आम्हाला सांगण्यात आलं की हे तुमच्या ऐपतीतलं नाही. आम्ही काय पाळावं, कशावर जीव लावावा, हे ठरवणारा दर वेळेला दुसराच.

आपलं जनावराशी नातं तसं जुनं. पण ते जनावर मेल्यावर सुरू व्हायचं. जितं जनावर पाटलाचं, मेलं की आमचं. बैल आजारी पडला तर त्याच्या उशाशी बसायला आम्हाला कोण बोलावणार? आमच्या नावानं हाक यायची ती ओढून न्यायला. महाडलाच बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं ओढू नका, मेलेलं खाऊ नका. लोकांनी ऐकलं, पोटाला चिमटा काढून ऐकलं. आणि तरी २०१६ साली गुजरातेत उनाला मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं. मारणारे स्वतःला गोरक्षक म्हणवत होते. त्यामुळं आपल्या कार्यकर्त्याला प्राणिप्रेम हा शब्द ऐकला की तिडीक येते. मलाही येते. पण म्हणून जित्या जनावरावरचं प्रेम त्यांच्या नावावर करून द्यायचं काय?

आता आमच्या गल्लीतली गोष्ट. मी इचलकरंजीजवळच्या सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. रातपाळीहून येताना कोपऱ्यावर एक कुत्रं थांबायचं, भुऱ्या. कुणी विकत आणलेलं नाही, कुणी साखळी घातलेली नाही. आक्काच्या दारात खायचं, आमच्या पायरीवर झोपायचं. मागच्या पावसाळ्यात टेम्पोनं त्याचा मागचा पाय चिरडला. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर माणूस चांगला. दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, इथं एक्स-रे नाही, इथलं सगळं गायी-म्हशींच्या हिशेबानं आहे. शिरवळला जनावरांचं मोठं कॉलेज आहे खरं, पण ते दीडशे किलोमीटरच्या वर. टेम्पोचं भाडं कोण देणार?

मग खाजगीत. तिथं फॉर्म दिला. पहिली ओळ, मालकाचं नाव. तीन पिढ्या आमच्या घरात मालक हा शब्द दुसऱ्यासाठी वापरला. मी माझं नाव लिहिलं आणि हसू आलं. हसू टिकलं नाही. एक्स-रे, रक्त तपासणी, भूल, पायात सळी, चार दिवस ठेवून घेणं, मिळून २८ हजार. माझा महिन्याचा पगार याच्या निम्मा. नुसता पाय कापायचा तर ११ हजार. आणि तेही जमत नसेल तर, डॉक्टर हळू आवाजात बोलला, इंजेक्शन देऊन सोडवू.

याला दयामरण म्हणतात. मी त्या शब्दावर बरेच दिवस अडकून आहे. जे जनावर बरं होणारच नाही, तडफडतंय, त्याला सोडवणं ही दया असू शकते, मला मान्य. पण ज्याचा पाय सांधता येतो, आणि केवळ सांधायला पैसे नाहीत म्हणून सुई टोचायची, त्यात दया किती आणि बिल किती? तिथं आजारानं मारलं नाही, दरानं मारलं. निदान शब्द तरी खरा वापरा.

वस्तीत विहारात बैठक बसली. जयंतीच्या वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक होते. एक मित्र तडकून म्हणाला, पोरांच्या फिया तटल्यात, माणसं सिव्हिलच्या व्हरांड्यात पडून मरतात, आणि तुम्ही कुत्र्याला पैसे देता? प्रश्न खोटा नाही. मी रात्रभर मशीनवर तोच घोळवला. पण बघा, हाच हिशेब आम्ही डीजेवाल्यापुढं का मांडत नाही? आणि तिथं वाचलेला पैसा पोरांच्या फीला जातो का? नाही जात. माणसाच्या दुःखाची आठवण आम्हाला नेमकी कुत्र्याच्या वेळेलाच होते. १९५६ ला नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याचीही एक आहे. ती घेताना कुणी दरपत्रक मागितलं नव्हतं. आक्का एवढंच म्हणाली, "त्यानं माझ्या दारात खाल्लंय." ११ हजार जमले. पाय कापला. भुऱ्या आता तीन पायांवर फिरतो, आणि टेम्पो दिसला की अजून अंगावर धावून जातो, मूर्ख.

डॉक्टरला शिव्या घालून भागणार नाही. साडेपाच वर्षांचं शिक्षण, यंत्रं महाग, औषधं महाग. मला कामगार विमा आहे, भुऱ्याला कुठला? स्वस्त सरकारी दवाखान्यात यंत्रच नसेल तर खाजगीला दर कमी ठेवायचं कारण राहत नाही. आणि हे दुखणं आपल्याकडचंच नाही. इंग्लंडात २०१३ साली पाळीव जनावरांचे दहापैकी एक दवाखाना मोठ्या कंपन्यांच्या हातात होता. २०२४ ला तिथल्या सरकारी यंत्रणेनं सखोल चौकशी लावली तोवर दहापैकी जवळजवळ सहा झाले होते, आणि लोक बिलं घेऊन ओरडत होते. भांडवलाला कुत्रं चावत नाही.

माझे आजोबा १९८२ च्या संपापर्यंत परळला गिरणीत होते. ते बैलघोडा हॉस्पिटलबद्दल सांगायचे. एकोणिसाव्या शतकात गिरणीमालक दिनशा पेटिटनं त्याला पैसा दिला, बायकोचं, साकरबाईचं नाव दिलं. त्याच आवारात १८८६ ला पशुवैद्यक कॉलेज सुरू झालं. त्या काळात गिरणीतल्या मोठ्या माणसानं दिवसाला किती तास राबावं याला कायद्याची मर्यादा नव्हती. ती १९११ ला आली, बारा तासांची. मालकाची माया बैलापर्यंत पोचली, साच्यावरच्या माणसापर्यंत नाही पोचली. पण म्हणून बैलाला हॉस्पिटल नको होतं असं मी म्हणणार नाही. ट्रामचा घोडा आणि गाडीचा बैल, तेही कामगारच. मुंबईत २०२४ ला महालक्ष्मीला टाटा ट्रस्टनं सुमारे १६५ कोटी खर्चून छोट्या जनावरांचं हॉस्पिटल उघडलं. चांगलं झालं. पण धर्मादाय जिथं दात्याला वाटेल तिथं उभं राहतं. आमच्या गल्लीच्या टोकाला उभं करायचं तर ते मागून घ्यावं लागेल.

महानगरपालिकेला द्यायच्या निवेदनात गटार, पाणी, दिवाबत्ती, विहाराची जागा, असे मुद्दे होते. मी खाली पाचवा लिहिला: शहरात छोट्या जनावरांसाठी एक्स-रेसकट दवाखाना, दर फलकावर लावलेले, आणि मालकाचं नाव नसलं तरी जनावर दाखल करून घ्यावं. दोघांनी हसत खोडला. मी दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिला आणि आक्काचा अंगठा पहिला घेतला. सोमवारी द्यायचंय.