फुटलेल्या काचेची भरपाई

नुकसान केलें तर तें भरून द्यावें, हें तत्त्व इतकें सर्वमान्य आहे कीं त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाहीं. शेजाऱ्याचा बैल शेतांत शिरला तर खाल्लेल्या पिकाची किंमत द्यावी, उसनें आणलेलें भांडें फुटलें तर नवें आणून द्यावें. यापलीकडे त्यांत विचार करण्याजोगें आहे काय, असें कोणीही विचारील. परंतु 'भरपाई' या एका शब्दांत निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत, आणि त्या गांठीमुळें आपल्या खाजगी व सार्वजनिक व्यवहारांत मोठा घोंटाळा होतो, असें मला वाटतें. ती गांठ सोडवून पाहण्यासाठीं मी अगदीं क्षुद्र दिसणारें एक उदाहरण घेणार आहें. तें उदाहरण म्हणजे जुन्या मोटारगाडीची मागची काच.

ज्यांना हल्लीं एस. यू. व्ही. म्हणतात त्या जातीच्या थोराड गाड्यांचें आमच्या माजलगांवांत पूर्वींपासून प्राबल्य आहे. त्यांतही 'सुमो' या गाडीचें स्थान कांहीं वेगळेंच. १९९४ सालीं टाटांच्या कारखान्यांतून ती बाहेर पडली. तिचें नांव जपानी मल्लांवरून पडलें असें पुष्कळ लोक समजतात. वस्तुतः तें सुमंत मुळगांवकर यांच्या नांवांतील आद्याक्षरांवरून ठेवलेलें आहे. २०१९ सालीं कारखान्यानें तिचें उत्पादन थांबविलें, तथापि सिंदफणेच्या खोऱ्यांतील रस्त्यांनीं तिला अजून निवृत्त केलेलें नाहीं. माझ्या एका स्नेह्यांपाशीं अशी एक गाडी आहे. दारासमोर उभी असतां एका रात्रीं कोणीतरी दगड मारून तिची मागची काच फोडली. कोणीं, तें कळलें नाहीं. स्नेह्यांनीं त्या जागीं प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीनें लावून घेतला आणि आठ महिने गाडी तशीच चालविली. सुमोच्या पाठीमागच्या आसनांवर मुलें समोरासमोर बसतात. तीं घरीं परतत तेव्हां धुळीनें ओळखूं येईनाशीं होत. मीं एकदां विचारलें तेव्हां ते म्हणाले, "सर, ज्यानें फोडली त्यानें बसवून द्यावी. मी कशाला?"

हा प्रश्न हटवादीपणाचा म्हणून सोडून देतां येत नाहीं. न्यायाची एक जुनी आणि भक्कम कल्पना त्याच्या मुळाशीं आहे. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या पांचव्या भागांत म्हटलें आहे कीं अशा प्रसंगीं न्यायाधीश दोघांपैकीं चांगला कोण आणि वाईट कोण हें पाहत नाहीं. एकाकडे अधिक झालें आहे तें काढून दुसऱ्याकडे उणें झालें आहे तेथें घालतो, आणि बरोबरी करतो. माझे स्नेही तीच बरोबरी मागत होते. अडचण इतकीच कीं ज्याच्याकडून काढून घ्यावयाचें तो समोर नव्हता. आणि काच फोडणाऱ्याकडे तसें कांहीं अधिक झालेंही नव्हतें. चोरानें नेलेली वस्तु कोठें तरी असते. फुटलेली काच कोठेंच नसते.

आणि ही काच तर विशेषच नसते. समोरची काच व मागची काच या दिसावयास सारख्या, पण धर्मानें भिन्न. समोरच्या काचेंत दोन पत्रे असून त्यांच्यामध्यें एक चिवट पदर असतो. १९०३ सालीं बेनेदिक्तस नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेंत एक कुपी खालीं पडली. ती तडकली पण विखुरली नाहीं, कारण आंत वाळलेल्या द्रव्याचा पातळ थर तिला धरून होता. त्यावरून सुचलेल्या कल्पनेचा त्यानें १९०९ सालीं एकाधिकार घेतला, आणि अशा काचेची परंपरा सुरू झाली. तिला खडा लागला तर तडा जातो. तडा लहान असेल तर त्यांत राळेसारखें द्रव भरून तो बुजवितां येतो. मागची काच एकपदरी असते. ती सहाशें अंशांच्याही वर तापवून दोन्ही अंगांनीं थंड हवेच्या झोतांत धरतात. बाहेरचा थर आधीं थिजतो, आंतला मागाहून आकसूं पाहतो. त्यामुळें पृष्ठभाग कायमचा दाबांत आणि गाभा कायमचा ताणांत राहतो. याच ताणामुळें ती साध्या काचेहून कितीतरी बळकट असते, आणि याच ताणामुळें ती फुटली कीं एका क्षणांत हरभऱ्याएवढ्या बोथट दाण्यांचा ढीग होते. तिला तडा जाणें हा प्रकार नाहीं. ती अखंड तरी असते किंवा नसते तरी. तिची दुरुस्ती संभवत नाहीं; तिच्या जागीं दुसरी आणावी लागते.

तेव्हां भरपाईंतील पहिली गोष्ट म्हणजे वस्तु. भोंक पडलें आहे तें बुजलें पाहिजे. हें काम अवघड नाहीं, आणि पाहण्यासारखें आहे. नव्या गाड्यांत काच चिकट द्रव्यानें चौकटीला डकवितात. जुन्यांत ती रबराच्या पट्टीत बसते. कारागीर काचेभोंवतीं रबर चढवितो, रबराच्या खांचेंत सगळीकडून एक दोरी घालतो, बाहेरून काच चौकटीवर टेकवितो, आणि आंत बसून ती दोरी हळूहळू ओढीत जातो. दोरी सरकेल तशी रबराची कड पत्र्यावर उलटून बसते. बाहेरच्या माणसानें तळहातानें काच दाबून धरावयाची. दोघांनाही घाई करून चालत नाहीं. जुन्या गाडीला काच पुष्कळदां भंगारांतील गाडीची मिळते, आणि कित्येकदां तिच्यावर धुकें घालविण्याच्या तापणाऱ्या तारा छापलेल्या असतात. त्यांना जोडावयास गाडींत वायरच नसते. माजलगांवच्या उन्हांत त्यावांचून कोणाचें अडतें असेंही नाहीं. येथें एखादा विद्वान नागसेन व मिलिंद यांचा रथ पुढें करून, काच बदलल्यावर गाडी तीच राहिली काय, असें विचारील. त्याला माझें उत्तर असें कीं चॅसिसचा क्रमांक तोच असला म्हणजे परिवहन खात्याचें समाधान होतें, आणि या प्रश्नापुरतें माझेंही.

दुसरी गोष्ट किंमत. ती कोणीं सोसावयाची? विम्याच्या नियमांत याविषयीं एक मौज आहे. गाडी जुनी होत जाईल तसा तिच्या सुट्या भागांचा घसारा वाढत जातो, आणि रबर व प्लास्टिक यांचा घसारा तर पहिल्या दिवसापासून निम्मा धरतात. काचेला मात्र घसारा नाहीं. विम्याच्या दृष्टीनें काच म्हातारी होत नाहीं, ती ज्या रबरांत बसते तें मात्र जन्मतःच अर्धें मेलेलें असतें. परंतु हा लाभ ज्यानें स्वतःच्या नुकसानीचा विमा उतरविला आहे त्याला. १९८८ च्या कायद्यानें सक्ती आहे ती केवळ तिऱ्हाइताच्या विम्याची, आणि जुन्या गाडीचा मालक बहुधा तेवढ्यावरच थांबतो. ज्याच्याजवळ पूर्ण विमा आहे तोही काचेसाठीं पैसे मागावयास कचरतो. कारण वर्षभर कांहीं मागितलें नाहीं तर पुढील हप्त्यांत शेंकडा २० पासून ५० पर्यंत सूट मिळते, ती जाते. हक्क न बजावण्याचें असें बक्षीस इतरत्र कोठें मिळत असेल तर मला ठाऊक नाहीं.

किंमतीच्या विचारांत फ्रेडरिक बास्तिया या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाची १८५० सालची फुटलेल्या काचेची कथा आठवल्यावांचून राहत नाहीं. एका गृहस्थाच्या द्वाड मुलानें काच फोडली. जमलेले लोक सांत्वन करूं लागले कीं काचा फुटल्या नाहींत तर काचवाल्यांनीं जगावें कसें? बास्तिया म्हणतो, काचवाल्याला मिळालेले सहा फ्रँक तुम्हांला दिसतात. त्या सहा फ्रँकांचे जे जोडे किंवा जें पुस्तक यावयाचें होतें तें तुम्हांला दिसत नाहीं. युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही त्या कथेंत एक गोष्ट फार सोयीची आहे, आणि तिच्याकडे टीकाकारांचें लक्ष गेलेलें मला आढळलें नाहीं. काच फोडणारा मालकाचाच मुलगा आहे. कोणीं फोडली हें ठाऊक आहे. कां फोडली तें संध्याकाळीं घरांत विचारलें जाईल. म्हणून बास्तियाला उरतो तो केवळ पैशांचा हिशेब. माजलगांवच्या काचेचा हिशेब तेवढ्यावर संपत नाहीं. येथें तिसरी गोष्ट उभी राहते. तिला आपल्या भाषेंत जाब असें चांगलें नांव आहे.

माझ्या स्नेह्यांची चूक, माझ्या मतें, अशी झाली कीं त्यांनीं वस्तूला जाबाशीं बांधलें. जाब मिळेना, म्हणून काच नाहीं. आणि शिक्षा कोणाला, तर स्वतःच्या नातवंडांना. परंतु याच्या उलट चूक अधिक प्रतिष्ठित लोक करतात, आणि ती अधिक भयंकर आहे. ते जाबाला किंमतीशीं बांधतात. धनादेश मिळाला ना? मग आतां गप्प बसा. सरकार असें बोलतें, पुढारी असें बोलतात. पैसे पोंचले कीं प्रश्न विचारण्याचा अधिकार विकत घेतला गेला, अशी ही समजूत आहे.

येथें एका अप्रिय दिवसाचा उल्लेख करणें भाग आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं, मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या ऐन भरांत, माजलगांवांत आमदार प्रकाश सोळंके यांच्या घरावर जमावानें दगडफेक केली, घराला व तेथील वाहनांना आग लावली. नगरपरिषदेची इमारतही त्याच दिवशीं पेटविण्यांत आली. बीड शहरांतही जाळपोळ झाली, आणि संचारबंदी पुकारावी लागली. त्यापूर्वीं १ सप्टेंबर रोजीं जालना जिल्ह्यांतील आंतरवाली सराटी येथें उपोषणाच्या ठिकाणीं पोलिसांनीं लाठीमार केला होता. या दोन तारखांपैकीं कोणती आधीं सांगितली यावरून बोलणाऱ्याची बाजू ओळखण्याची आमच्याकडे रीत पडली आहे. मीं दोन्ही सांगितल्या आहेत. याउपर वाचकांनीं काय ओळखावयाचें तें ओळखावें. अशा विध्वंसाच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालींच मार्ग आंखून दिला आहे: हानीचा अंदाज करण्यासाठीं स्वतंत्र अधिकारी नेमावा, आणि दायित्व प्रत्यक्ष कृत्य करणारांवर व तें घडवून आणणारांवर ठेवावें. म्हणजे अमक्यानें केलें असें नांव घेऊन म्हणावें. 'जमावानें' म्हणून थांबूं नये.

नांव घेण्याचें महत्त्व मला त्या प्लास्टिकच्या कागदावरून पटलें. स्नेह्यांची काच त्या ऑक्टोबरांत फुटलेली नव्हती. ती पुढें कांहीं महिन्यांनीं, ज्या रात्रीचा कोणत्याही आंदोलनाशीं संबंध नव्हता अशा एका रात्रीं फुटली. एखाद्या दारुड्यानें दगड मारला असेल, कोणी पैज लावली असेल. पण आठ महिने ती गाडी बाजारांतून फिरली, आणि तो कागद पाहून जो तो विचारी, "त्या दिवशींची का?" स्नेही हसत, हो म्हणत नसत, नाहींही म्हणत नसत. ज्या तालुक्याच्या गांवीं आडनांव ऐकतांच जात कळते, तेथें निनांवी तक्रार निनांवी राहत नाहीं. तिला लगेच एक समाज चिकटतो. एका अज्ञात माणसाचा अपराध, कोणीं एक शब्द न बोलतां, हजारों ज्ञात माणसांच्या खात्यावर मांडला जातो; आणि पुढें कोणाचा तरी मुलगा त्या खात्याची वसुली करावयास निघतो.

यावर आक्षेप येईल कीं मालकानें मुकाट्यानें काच बसविली तर अपराध करणारा सुटला. निदान तो कागद साक्षीला तरी होता. आक्षेपांत तथ्य आहे. सोसणें हाच सद्गुण, अशी शिकवण दुबळ्यांना देऊन बळिष्ठांनीं आपला पुष्कळ फायदा करून घेतला आहे, आणि मला त्या शिकवणीचा पुरस्कार करावयाचा नाहीं. पोलिसांत तक्रार नोंदवावी, तिचा पाठपुरावा करावा, गल्लींत चौकशी करावी. परंतु साक्षीदार म्हटला कीं त्याला कांहींतरी नेमकें सांगतां आलें पाहिजे. तो कागद एवढेंच सांगत होता कीं 'कोणीतरी' केलें. आणि ऐकणारा त्या रिकाम्या जागीं आपल्या मनांतलें नांव भरीत होता. फुटलेल्या काचेच्या तक्रारीची तारीख, वेळ व ठिकाण लिहिलेला एक अर्ज त्या कागदाहून अधिक प्रामाणिक साक्ष देतो.

समजा, उद्यां तो मुलगा आलाच (तो मुलगा असावा असें मी उगीच धरून चाललों आहें). काच बसलेली आहे, पैसे दिले गेले आहेत. मग तो काय देणें लागतो? माझ्या मतें त्याचें सर्वांत मोठें देणें अजून शिल्लकच आहे. त्यानें पैसे आणले तर ते घ्यावेत. न घेणें हाही एक अहंकारच. परंतु ते घेऊन त्याला वाटेला लावूं नये. त्याला बसवावें आणि विचारावें, आणि त्यानें सांगितलेलें ऐकून घ्यावें. यासाठीं जागा कोठें आहे, हा खरा पेंच. जुन्या चावडीचें गुणगान करणारांपैकीं मी नव्हे. तेथें महार-मांगांची साक्ष उंबऱ्याबाहेर उभी राहून होत असे. आजच्या न्यायालयांत आरोप सिद्ध होतो किंवा होत नाहीं. तारखा पडत जातात, आणि 'कां?' हा प्रश्न विचारावयास तेथें कोणाला सवड नसते. या दोहोंच्या मधली जागा आमच्या गांवीं तरी मला दिसत नाहीं.

स्नेही म्हणतात, "तो येणारच नाहीं, सर." येणार नाहीं असें मलाही वाटतें. तोंवर काच बसवून घ्यावी, आणि बाजारांत कोणी विचारलें तर ती कोणत्या रात्रीं फुटली तें स्पष्ट सांगावें, असें मीं त्यांना सुचविलें. पहिली सूचना त्यांनीं मान्य केली आहे. काच मिळाली असून रबर बीडहून यावयाचें आहे. दुसरीविषयीं ते कांहीं बोलले नाहींत.